अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट: मुंबईचा पहिला बसमार्ग, त्याचं पुढे काय झालं?

कुलाबकर
१५ जुलै १९२६ ला मुंबईतली पहिली मोटारबस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. म्हणजे १५ जुलै २०२६ ला शंभरी भरते. त्या दिवशी फोटो, भाषणं, केक सगळं यथासांग होईल, माझी हरकत नाही. पण या तारखेला चार ओळींची बातमी छापून येते, तीत मार्गाबद्दल काहीच नसतं. हाच रस्ता का निवडला? आणि तो मार्ग आज कुठे आहे?

पहिली गोष्ट म्हणजे रस्ता नवा नव्हताच. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा तिच्या दोन वाटा होत्या. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे, तीही पायधुणीलाच. कुलाबा-पायधुणी भाडं तीन आणे, आणि तिकीट द्यायची पद्धतच नव्हती. (हिशेब कसा जुळवत असतील देव जाणे.) ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली. त्यामुळे बस आली तेव्हा या रस्त्यावरच्या माणसाला ठरलेल्या जागी उभं राहून गाडीची वाट बघायची सवय पन्नास वर्षं जुनी झाली होती.

दोन्ही टोकं बघा. अफगाण चर्च १८५८ चं, लष्करी छावणीतलं. क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं, शहराची मंडई. मध्ये फोर्टातल्या पेढ्या, कचेऱ्या, कोर्टं. सकाळी एका दिशेला गर्दी आणि उलटी गाडी रिकामी, असा हा रस्ता नाही. दोन्हीकडून माणूस मिळतो. बस चालवणाऱ्याला आणखी काय हवं?

सुरुवातीला बस २४. त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर सहा लाख प्रवासी, पुढच्या पूर्ण वर्षात ३८ लाख. १९३४ मध्ये बस शहराच्या उत्तर भागात गेली, १९३७ मध्ये डबल डेकर आली, १९४० मध्ये पहिली मर्यादित (मोजक्याच थांब्यांची) बस, कुलाबा ते माहीम. ७ ऑगस्ट १९४७ ला ट्राम-बस चालवणारी बेस्ट कंपनी महापालिकेकडे आली तेव्हा २४२ बस आणि २३ मार्ग होते, रोजचे प्रवासी २ लाख ३८ हजार.

आता माझा मुद्दा. "पहिला मार्ग बंद पडला" असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. त्याची टोकं लांबली, इतकंच. चर्चच्या पुढे आर. सी. चर्च आणि नेव्हीनगर, मार्केटच्या पुढे भायखळा, परळ, माहीम. आकडे बदलले, पाट्या बदलल्या, मधला तुकडा तोच. पण उलटही खरं आहे. मार्ग कागदावर असतो, पाटीवर आकडा असतो, आणि तरी तो मेलेला असतो. दोन गाड्यांमधली वेळ इतकी वाढते की माणूस स्टॉपवर उभाच राहत नाही. मार्ग मोजायचा तर नकाशावर मोजू नका, घड्याळावर मोजा, असं माझं म्हणणं. बोला.

खिडकीवाला
वा! वाखु (वाचनखूण) साठवली. मोजकंच सांगतो. आमच्या पिढीला या रस्त्यावरचा आकडा म्हणजे १२३. आर. सी. चर्चवरून निघायची, मरीन ड्राइव्हवरून ताडदेवला. डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली की घर गाठायची घाई कुणाला? झाडाच्या फांद्या काचेवर सपासप आपटायच्या आणि लहान पोरं दर वेळी डोकं खाली घालायची. मोठीपण घालायची, नंतर इकडेतिकडे बघत हसायची.

पण कुलाबकर, १२३ तर मार्केटला जातच नव्हती. मग ती तुमच्या वंशावळीत बसते का?

कुलाबकर
@खिडकीवाला, चुलत घराण्यातली. कुलाब्याचा दांडा एकच, इलेक्ट्रिक हाउस, रीगलपर्यंत. तिथून फाटे फुटतात. एक चर्चगेट, मरीन ड्राइव्हकडे. दुसरा काळा घोडा, हुतात्मा चौक, सीएसएमटी, मार्केट. १९२६ चा खरा वारस दुसरा फाटा. नेव्हीनगर ते जिजामाता उद्यान ही ३ नंबर आठवते का? तिचा रस्ता बघा आणि १८७४ च्या ट्रामचा बघा. भायखळ्याची राणीची बाग शेवटी जोडली, बाकी घोडे तेवढे बदलले.

माहेर_कुलाबा
मस्त धागा! आमचं घर ससून डॉकच्या मागच्या गल्लीत. पहाटे डॉकवर लिलाव आटपला की काही कोळणी बसनं निघायच्या आणि ओल्या पाटीवरून कंडक्टरशी जुंपायची. कंडक्टर म्हणायचा, "मावशी, पाणी गळतंय, कुणाचा पाय घसरला म्हणजे?" आणि मावशी, "तुझ्या बसला समुद्राचं पाणी बाधतं व्हय? सगळी बस समुद्रावरनंच जाते ना!" सगळी बस हसायची. शेवटी पाटी मागच्या बाजूला आणि पाटीखाली कुणाचंतरी वर्तमानपत्र.

तिकिटांची पेटी आठवते का कुणाला? पत्र्याची, रंगीत तिकिटांच्या गड्ड्या ओळीनं, रबरानं दाबलेल्या. आणि पंच. तिकिटाला भोक पाडायला एकदा, आणि दांड्यावर टकटक करून "पुढे सरका" म्हणायला दहादा.

निवृत्त_स्टार्टर
नमस्कार मंडळी. लेक म्हणाली, बाबा, तुमच्या कामाचा धागा आलाय, म्हणून लिहितो. मी आधी कंडक्टर, नंतर स्टार्टर, म्हणजे चौकीत बसून वेळेवर गाड्या सोडणारा. कुलाबकर यांनी घड्याळाचा मुद्दा काढला तो आमच्या पोटापाण्याचा मुद्दा. जरा हिशेब सांगतो, कारण चौकीत बसलेला माणूस काय करतो हे लोकांना कळत नाही. लोकांना वाटतं, चहा पितो. चहा पितोच, पण तेवढंच करत नाही.

समजा एका मार्गाला जायला ३५ मिनिटं, यायला ३५. दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं विसावा. झाली ९० मिनिटं. दर दहा मिनिटांनी गाडी सोडायची तर किती गाड्या लागतील? नऊ. इथवर शाळेतलं गणित. आता रस्त्यात खोदकाम निघालं, सिग्नल वाढले, ३५ ची ५० झाली. फेरी झाली १२० मिनिटांची. दर दहा मिनिटांनी हवी असेल तर गाड्या बारा लागतात. पण डेपो नऊच देतो. मग दहाची तेरा-चौदा मिनिटं होतात. त्यातली एक गाडी ब्रेकडाऊन आणि एक ड्रायव्हर गैरहजर धरा, राहिल्या सात. सतरा मिनिटं. मार्ग तोच, पाटी तीच, कागदावर काही बदललं नाही. स्टॉपवरचा माणूस मात्र शेअर टॅक्सीत बसला.

म्हणून गाड्या कमी झाल्या म्हणून मार्ग मरतो हे अर्धंच खरं. रस्ता मंदावला की आहेत त्या गाड्याही कमी पडतात.

दुसरं, लोक विचारतात, "अर्धा तास एक नाही आणि मग तीन एकदम कशा?" आम्ही काय मुद्दाम सोडतो? पहिली गाडी दोन मिनिटं उशिरा निघाली की पुढच्या स्टॉपला दोन मिनिटांचे जास्त लोक. ते चढायला वेळ, तिकिटाला वेळ, बेल उशिरा. तिच्या मागची गाडी रिकाम्या स्टॉपवरून सुसाट येते आणि पहिलीला गाठते. कुणाचा दोष नाही, गर्दीचाच हा स्वभाव. यावर उपाय दोन. टोकाला मागची रोखून धरायची, किंवा अर्ध्या वाटेवरून परत फिरवायची. म्युझियमला गाडी फिरवली की आतले लोक स्टार्टरच्या सात पिढ्या काढतात. पण उलट दिशेच्या स्टॉपवर ताटकळलेल्यांना तीच गाडी देवासारखी. ते काही आभार मानायला येत नाहीत, कारण त्यांना माहीतच नसतं.

गिरगावची_कार्टी
@निवृत्त_स्टार्टर काका, साष्टांग नमस्कार. आजवर मीही त्या शिव्या देणाऱ्यांत होते, आता निदान कारण कळलं. :)
एक शंका. डबल डेकर बंद का केल्या? उंच गाडीत जास्त माणसं, मग परवडायला हव्यात ना?

निवृत्त_स्टार्टर
@गिरगावची_कार्टी, बेटा, डबल डेकरला कंडक्टर दोन लागतात. एक वर, एक खाली. गर्दीच्या वेळी दोघांनाही काम, दुपारी वरचा खिडकीतून समुद्र बघतो. पगार दोघांचाही चालू. शिवाय वळायला जागा हवी, फांद्या छाटायला हव्यात, वायरी वर हव्यात, आणि पुढे उड्डाणपूल, स्कायवॉक आले, त्यामुळे उंच गाडीच्या वाटा कमी झाल्या.

खालच्या कंडक्टरची जबाबदारी मोठी. जुन्या डबल डेकरमध्ये ड्रायव्हर पुढे वेगळ्या केबिनमध्ये, त्याला मागचं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. दोघांमध्ये बोलणं फक्त बेलचं. एक घंटी थांबायला, दोन निघायला. पायरीवर म्हातारं माणूस असताना चुकून दोन वाजल्या तर? म्हणून दोरीवर हात ठेवून दरवाजाकडे बघायचं. नव्या पोरांना पहिल्यांदा हेच शिकवायचो.

आकडेमोड_अण्णा
थोडी माहितीची भर. नव्वदच्या दशकात डबल डेकर ९०० च्या घरात होत्या. शेवटची जुनी (बिनवातानुकूलित) १५ सप्टेंबर २०२३ ला धावली, अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झला, ४१५ नंबर. त्याआधीच २१ फेब्रुवारी २०२३ ला विजेवरची वातानुकूलित डबल डेकर आली, सीएसएमटी ते एनसीपीए, ए-११५. तिच्यात बसायला ६५ जागा.

आता कटू बोलतो. २०१० च्या सुमारास बेस्टचा ताफा साडेचार हजारांच्या आसपास होता. जानेवारी २०१९ मध्ये नऊ दिवसांचा संप झाला, त्याच वर्षी कामगार संघटनेबरोबर करार झाला की स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखायच्या. आज स्वतःच्या गाड्या त्या आकड्याच्या जवळपासही नाहीत. भाडेतत्त्वावरच्या धरूनसुद्धा एकूण ताफा तीन हजारांच्या आत आहे. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपये केलं (एसी सहा), लोक परतले. मे २०२५ मध्ये तेच दहा आणि बारा झालं. दुप्पट भाडं आणि गाडी मात्र उशिरा, मग माणूस कशाला थांबेल?

भाडेतत्त्वात गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हरही त्याचा, पैसे धावलेल्या किलोमीटरवर. आता काकांचं गणित लावा. दोन गाड्या जोडीनं पळाल्या तरी किलोमीटर तेवढेच भरतात. एकीला दहा मिनिटं रोखून धरण्यात ठेकेदाराचा फायदा शून्य. वेळ राखण्याचं काम कुणाच्या पैशाशी बांधलेलंच नाही.

पुणेरी_पाटी
आम्ही आलो नाही तर धागा पूर्ण कसा होणार? आमच्याकडे २००७ मध्ये पीएमटी (पुण्याची बससेवा) आणि पीसीएमटी (पिंपरी-चिंचवडची) एकत्र करून पीएमपीएमएल केली, तेव्हा वाटलं होतं आता नदीच्या अल्याडपल्याड एकाच वेळापत्रकाने गाड्या धावतील. वेळापत्रक छान छापलं. असो. निदान तुमच्याकडे स्टार्टर काका आहेत.

खिडकीवाला
@पुणेरी_पाटी, दुपारी एक ते चार तुमचे स्टार्टर झोपतात का? (पळा!)

डिजिटल_दादरकर
सगळं गोड आहे, पण स्पष्ट बोलू का? ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली. विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, सगळी स्टेशनं याच पट्ट्यात. रस्त्यावरच्या कोंडीत ५० मिनिटं कशाला अडकायचं? या मार्गावरच्या गाड्या काढा आणि उपनगरात द्या, तिथे माणूस खरंच लटकतोय. आठवणी जपायला संग्रहालय आहे की.

माहेर_कुलाबा
@डिजिटल_दादरकर, तुम्ही कुलाब्यात राहिलेले दिसत नाही. कॉजवेवर स्टेशन कुठे आहे? ससून डॉकला? आर. सी. चर्चला? नेव्हीनगरला? माझी आई गुडघेदुखीची. घरासमोरच्या स्टॉपवर चढते, मार्केटला उतरते, मसाला, फळं घेते, परत समोरच उतरते. तिनं पिशव्या घेऊन आधी विधान भवनपर्यंत चालायचं, मग जमिनीखाली उतरायचं, मग पुन्हा वर? मेट्रो लांबच्याला चांगली, मी स्वतः जाते. पण तीन स्टॉपच्या माणसाला तिचा काय उपयोग?

कुलाबकर
माहेर_कुलाबा ताईंनी नेमकं सांगितलं. याला इतिहासाची जोड देतो. १९२६ मध्ये बस सुरू झाली तेव्हा कुलाब्याला चक्क रेल्वे स्टेशन होतं. आजच्या बधवार पार्कच्या जागी. कापसाच्या वखारी कुलाब्यात होत्या, तेव्हाच्या जमान्यातलं ते स्टेशन. १९३० च्या डिसेंबरअखेर ते बंद झालं आणि गाडी चर्चगेटला संपू लागली. तेव्हापासून २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ ९५ वर्षं, कुलाब्याच्या दांड्यावर रेल्वे नाही. ट्राम होती तोवर ट्राम, मग बस. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर-दादर धावली, ती तर कुलाब्याची नव्हतीच. इतकी वर्षं ज्या मार्गानं हा भाग ओढला, तो एका भुयारी स्टेशनामुळे निरुपयोगी ठरवायचा?

आणि दादरकर, रेल्वे असतानाही बस काढावी लागली होती हे विसरू नका. स्टेशन होतं, ट्राम होती, तरी पुढच्याच वर्षी ३८ लाख लोक बसमध्ये चढले. कारण वेगळं असतं. स्टेशनला आपण जातो, बस आपल्याकडे येते.

डिजिटल_दादरकर
कुलाबकर, वाक्य टाळ्यांचं आहे, पण माझा प्रश्न तसाच राहिला. गाड्या मोजक्या आहेत. नेव्हीनगरला दर दहा मिनिटांनी दिली तर ती कुठल्यातरी दुसऱ्या स्टॉपवरून उचललेली असेल. तिथल्या माणसाला काय सांगायचं?

आकडेमोड_अण्णा
दादरकरांच्या प्रश्नात दम आहे. पण उत्तर "काढा" असं नाही, "आखूड करा" असं आहे. भायखळ्याच्या पुढचा माणूस मेट्रो-लोकलनं जाऊ दे. आर. सी. चर्च ते क्रॉफर्ड मार्केट एवढाच लहान फेरा ठेवा, गाड्या थोड्या पण पटापट परत फिरणाऱ्या. लांब मार्गावर एकीकडची कोंडी दुसऱ्या टोकाला भोवते. लालबागला मिरवणूक निघाली की नेव्हीनगरची बाई का थांबावी?
म्हणजे गंमत बघा, जवळजवळ १९२६ ची टोकंच परत आली. :)

निवृत्त_स्टार्टर
अण्णांशी सहमत, एक अट घालून. आखूड मार्गाला मार्केटला गाडी फिरवायला आणि उभी करायला जागा हवी. तिथे हातगाड्या, टेम्पो, पार्किंग. फिरवता आली नाही तर पुढे मोहम्मद अली रोडवर ढकलावी लागते आणि तिथून परत यायला किती लागतील याचा नेम नाही. मार्ग आखणारे कागदावर टोक ठरवतात, पण ड्रायव्हरला तिथे वळता यायला हवं ना. आमच्या वेळी साहेब लोक आधी रिकामी गाडी घेऊन प्रत्यक्ष फिरून बघायचे, ते बरं होतं.

ट्रामवेडा
अवांतर: २०१७ साली फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या कामात जमिनीखाली ट्रामचे रूळ निघाले होते. म्हणजे हुतात्मा चौकात बस ज्या डांबरावरून जात होती त्याच्या खाली आधीचे रूळ तसेच होते. उखडायचे कष्टही कुणी घेतले नव्हते, वरून रस्ता घातला! जुनी तिकिटं, पंच, गाड्यांचे नमुने बघायचे असतील तर आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय बघा.

गिरगावची_कार्टी
एक सुचवू का? कुलाबकर म्हणतात घड्याळावर मोजा. मग शंभरीच्या निमित्ताने आपणच मोजूया की. पाच-सहा जणांनी एकेक स्टॉप घ्यायचा. इलेक्ट्रिक हाउस, रीगल, हुतात्मा चौक, सीएसएमटी, मार्केट. गाडीचा आकडा आणि वेळ लिहायची. मी रीगल घेते, समोर कॉफी मिळते.

माहेर_कुलाबा
मी इलेक्ट्रिक हाउस. आईलाही बसवते वहीपेन्सिल देऊन, तिला तेवढंच काम.

निवृत्त_स्टार्टर
चांगलं आहे. फक्त सगळे सकाळी नऊला जाऊ नका. सकाळी सगळ्या डेपोंची इज्जत पणाला लागलेली असते, गाड्या भरपूर दिसतील. दुपारी दोन ते चार बघा. तेव्हा ड्यूट्या बदलतात, सकाळपाळीचा उतरतो, दुपारचा यायला दहा मिनिटं उशीर झाला की ती फेरी गेली. खरी भोकं तिथे पडतात. आणि नुसती वेळ लिहू नका. गाडी भरलेली होती की रिकामी, तेही लिहा, म्हणजे कुठली कुठलीच्या मागे धावत होती ते कळेल. वहीत दोन्ही दिशांची वेगळी पानं करा, नाहीतर नंतर गोंधळ होतो. मी मार्केटला येईन, हातगाड्यांच्या बाजूच्या स्टॉपवर.